मी रोज दोनदा बसतो

माणसानं ठरवलं तर साठीनंतरसुद्धा आयुष्य मुळापासून बदलता येतं, आणि ते कसं बदलायचं हे सध्या कळंब तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. ही बढाई नाही. बढाई मारायला समोर माणूस लागतो, आणि आमच्या घरात मी सोडून कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

माझं नाव सोमलिंग. कळंबच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर होतो. "बार्शीमार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे" हे तुम्ही कधी ऐकलं असेल तर तो आवाज माझा. लाईट गेली की माईक बंद पडायचा, पण प्रवाशांना ते कळायचं नाही. माझा आवाज दोनच प्रकारचा आहे. एक मोठा, आणि दुसरा त्याहून मोठा. नोकरी सुटली, माईक सुटला, आवाज तेवढा घरी आला.

घरी ऐकायला आमची गिरिजा होती. पण मी रिटायर झालो आणि आमच्या शिवरंजनीला पुण्यात मुलगा झाला. गिरिजा बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "बारसं झालं की येते." बारसं झालं. मग म्हणाली, "उष्टावण होऊ द्या." उष्टावण झालं. मग नातू रांगायला लागला, त्याच्यामागं रांगायला माणूस पाहिजे. मग चालायला लागला, आता पळायला माणूस पाहिजे. नातवाची जसजशी प्रगती होत होती तसतशी माझी बायको माझ्यापासून लांब चालली होती.

तुम्ही म्हणाल, मग पुण्याला जाऊन राहा की. गेलो होतो. जावईबापू घरात बसूनच नोकरी करतात. मी आतल्या खोलीत गिरिजाला "मीठ कुठंय?" एवढंच विचारलं, तर त्यांच्या मीटिंगमधल्या परदेशी साहेबानं म्हणे विचारलं, हे कोण बोललं. जावईबापू चांगले आहेत. त्यांनी मला काही म्हटलं नाही, फक्त परतीचं तिकीट स्वतः काढून दिलं.

तर घरात मी एकटा. एकटं म्हणजे कसं, सकाळी ठेवलेला चमचा संध्याकाळी तिथंच सापडतो, इतकं एकटं. एकदा मी चहा केला आणि सवयीनं ओरडलो, "स्वयंपाकघरातून ओसरीकडं जाणारा चहा लागलेला आहे, प्रवाशांनी..." आणि थांबलो. एकही प्रवासी उठला नाही. तो चहा मी उभ्यानं पिऊन टाकला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, हे कबूल करतो.

तेवढ्यात मोबाईलवर मला एक गुरुजी भेटले. गुरुजी म्हणजे दाढी कोरलेला एक तरुण गडी. माणसाच्या सवयी कशा बदलाव्यात यावर तो रोज बोलतो. त्याचं म्हणणं असं, की नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधायची. चहाची सवय आहे ना, मग चहाबरोबर नवं काम. देवापुढं दिवा लावता ना, मग दिव्यानंतर नवं काम. थोडंच करायचं, पण रोज करायचं. आणि आपण काय केलं ते रोज एका माणसाला तोंडानं सांगायचं, म्हणजे चुकारपणा होत नाही. मला तर हे शेवटचं फारच पटलं. रोज एका माणसाला काहीतरी सांगायला मिळणार होतं.

आता नवी सवय कुठली? माळ्यावर शिवरंजनीची गिटार पडली होती. कॉलेजात असताना हट्ट करून घेतली, वाजवली कधीच नाही, आणि लग्नात माळ्यावर ठेवून गेली. मी ती खाली काढली, पुसली, आणि मनाशी ठरवलं.

काय ठरवलं ते सांगतो, पण हसू नका. गिरिजा भाकरी थापताना एक जुनं गाणं गुणगुणायची. कुठलं ते सांगत नाही, ती फार बेसूर गुणगुणायची आणि गाण्याची बदनामी नको. दिवाळीनंतर नातवाचं जावळ तुळजापूरला करायचं ठरलं होतं, तेव्हा ती येणार. तेव्हा मी ते गाणं तिला गिटारवर वाजवून दाखवणार. आणि वाजवून झालं की म्हणणार, आता राहा. नुसतंच "राहा, मला करमत नाही" असं का म्हणत नाही? अहो, इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला "भाजीत मीठ कमी आहे" यापलीकडं मनातलं काही सांगितलेलं नाही. एकदम कसं सांगणार? गाणं मध्ये असलं की सोपं जाईल असं मला वाटलं.

गिटार शिकायलाही मोबाईलवरच दुसरा एक गडी मिळाला. त्यानं सांगितलं, गाण्याला चार घाट लागतात. बोटं एका विशिष्ट पद्धतीनं तारांवर दाबली की एक घाट, म्हणजे इंग्रजीत कॉर्ड. काही घाटांना मेजर म्हणतात, काहींना मायनर. सी मेजर सोपा. ए मायनर त्याहून सोपा. जी मेजरला करंगळी रडते, पण येतो. चौथा एफ. तो मात्र फार खोडील. त्यात तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायची असते, आणि त्याला म्हणतात बार. बार नीट धरला तर सूर निघतो, नाही तर नुसतं "थड" वाजतं. गिरिजाच्या गाण्यात नेमका महत्त्वाच्या जागेला बार होता.

मी आतल्या खोलीत खिडकी लावून शिकायला लागलो. म्हातारा गिटार शिकतोय म्हणून गल्लीनं हसायला नको. सकाळी चहाबरोबर एकदा, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर एकदा. आणि रोज सांगायला माणूस मिळाला वैजनाथ. वैजनाथ आमच्या डेपोचा ड्रायव्हर, आता शेजारच्या वाशीला, मुंबईच्या नव्हे, शेती बघतो. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कान गेलेत. त्यामुळं त्याच्याशी बोलताना मला माझा दुसरा आवाज काढावा लागतो. आणि मोबाईलला रेंज फक्त ओसरीवर येते.

ओसरीच्या भिंतीपलीकडं अयोध्याबाई राहतात. बाई मनानं लोण्यासारखी, पण कान तिखट. आता त्यांनी भिंतीपलीकडून काय ऐकलं ते तुम्हीपण ऐका. वैजनाथचं बोलणं वगळून, कारण ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"वैजनाथ, आज सकाळी चहाबरोबर घेतली. व्हय, व्हय, चहाबरोबरच! रिकाम्या पोटी चांगली बसते, ध्यान लागतं."

"न्हाय रे, गिरिजाला काय म्हाईत न्हाय. तिला सांगू नको."

"आधी सी मेजर घेतो, मग मायनर. मायनर काय, लगेच वळतो. मेजरसंगं मायनर लई गोड लागतो. पण बारपाशी गेलं की हात थरथरायला लागतो."

"संध्याकाळी परत बसणार की. आता बसल्याबिगर करमतच न्हाय. आज बार लागल्याबिगर उठायचं न्हाय, काय व्हायचं ते होऊ दे!"

मला काय माहीत? मी आपला गुरुजींच्या सांगण्याप्रमाणं हिशेब देत होतो.

थोड्याच दिवसांत मला बदल जाणवायला लागला. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यात ताकाचा तांब्या. अयोध्याबाई भिंतीवरून म्हणायच्या, "घ्या अण्णा, सकाळच्याला बरं असतंय. डोस्कं उतरतंय." डोकं चढलेलं नव्हतं, पण ताक छान होतं. दुसऱ्या दिवशी ताकाबरोबर लिंबं. मी मनात म्हटलं, गुरुजी बोलले ते खरंय. सवयी बदलल्या की माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं आणि लोक जवळ करतात.

नागप्पाच्या दुकानात गेलो. नागप्पा आळंदच्या बाजूचा, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो. मी म्हटलं, "नागप्पा, शेंगदाणे दे, फुटाणे दे, आणि सोडा दे."

शेंगदाणे चटणीला, फुटाणे तोंडात टाकायला, आणि खायचा सोडा भज्याला. नागप्पानं हातातलं माप खाली ठेवलं.

"सोडा बेडा, कंट्रोलर," तो म्हणाला. बेडा म्हणजे नको. "शेंगदाणे घ्या, फुटाणे घ्या. सोडा म्या देणार न्हाय. वहिनीचा जीव हाय तुमच्यावर."

भज्याच्या सोड्याचा आणि गिरिजाच्या जिवाचा काय संबंध, हे काही मला कळेना. मला वाटलं, सोड्यानं आम्लपित्त होतं म्हणत असेल. बिनसोड्याची भजी केली. दगडासारखी झाली, पण नागप्पाची माया बघून मी ती आनंदानं खाल्ली.

उलगडा केला हरिबा मेजरांनी. हरिबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, पण आमच्याकडं फौजेतून आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून येवो, तो मेजरच. ते एका संध्याकाळी ताडताड आले आणि उभ्यानंच म्हणाले,

"सोमलिंगराव, मला शी मेजर का म्हणता?"

"मी? कधी?"

"रोज म्हणता. समदी गल्ली ऐकती. 'आधी शी मेजरसंगं घेतो.' म्या कधी आलो तुमच्यासंगं? मह्या घरात भांडण लागलंय. हिनं मह्या मिलिटरी कँटीनच्या कोट्यातली बाटली मोरीत ओतली. आणि त्यो मायनर कोण हाय?"

"ए मायनर," मी सवयीनं म्हटलं.

"ए न् बी, कुणाचाबी असंल. मायनर म्हणजे अठराच्या आतलं पोरगं. कोवळ्या पोराला बारमधी नेता तुम्ही? समद्या आया आपापल्या पोरांची तोंडं हुंगायल्या."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. ताक, लिंबं, सोडा, सगळं. मी खाली बसलो आणि हसायला लागलो. घरात इतक्या महिन्यांत मी हसलोच नव्हतो, त्यामुळं ते हसणं आवरेना. हरिबांना वाटलं, चढलीय. मी त्यांना हाताला धरून आत नेलं, गिटार दाखवली, सी मेजर वाजवला, ए मायनर वाजवला, बार धरला. बार "थड" वाजला.

हरिबांनी गिटारीच्या पोटावर बोटानं टकटक केलं. म्हणाले, "दारू परवडली."

"आता काय करायचं हो मेजर?"

"करायचं काय? उद्या चौकात उभं राहून सांगून टाका. आवाज हायेच तुमचा."

ठरलं. उद्या सांगायचं. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

शांतलिंगअप्पा आले होते. अप्पा म्हणजे आमच्या मठाच्या कमिटीचे मोठे गृहस्थ. गिरिजा पुण्याला गेल्यापासून ते आमच्या दारावरून रोज गेले होते, पण आत एकदाही आले नव्हते. त्यांच्यामागं नागप्पा. नागप्पाच्या मागं अयोध्याबाई, चहाची किटली घेऊन. सगळे आत येऊन बसले. ज्या सतरंजीवर माझ्या एकट्याच्या बुडाचा खळगा पडला होता, ती सतरंजी भरली.

अप्पांनी घसा साफ केला. "सोमलिंग, आम्ही तुला दोष द्यायला आलो न्हाय. तू पयल्यापास्नं निर्व्यसनी. घरात बाईमाणूस न्हाय, मन लागत न्हाय, म्हणून ह्या नादाला लागलास. खरंय का?"

हरिबा माझ्याकडं बघून बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला.

का दिला? खरं सांगतो. मी त्या सतरंजीकडं बघितलं. नागप्पा फुटाणे सोलत होता. अयोध्याबाई माझ्या कपाटातले कप काढत होत्या, जे गिरिजा गेल्यापासून कुणी काढले नव्हते. आणि मला वाटलं, आत्ता सांगितलं की ही माणसं "असं व्हय" म्हणून हसतील, चहा पितील आणि उठून जातील. उद्या सांगू. एक दिवस उशीर झाला म्हणून काय होतंय.

"खरंय अप्पा," मी म्हटलं. "मन लागत न्हाय." हे खोटं नव्हतं.

"कवापास्नं घेतोस?"

"पावसाळ्यापास्नं." हेही खोटं नव्हतं.

"सुटत न्हाय?"

"एकदा हातात आली की ठेवू वाटत न्हाय अप्पा." यातही एक अक्षर खोटं नव्हतं.

अयोध्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. अप्पा गंभीर झाले. म्हणाले, "अशा माणसाला संध्याकाळचं एकटं सोडू नये. मन तिकडंच जातंय. रोज कुणीतरी याला संगत द्यायची." नागप्पानं मान हलवली. हरिबा पाय चोळत म्हणाले, "मी तर रोज येतो." त्यांच्या घरी सांगायला हे चांगलं कारण होतं. सोमलिंगला सुधारायला जातो म्हटलं की घरची नाही म्हणणार नव्हती.

मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं की एकट्या माणसाला एकटं सोडू नये. ते फक्त दारुड्याला लागू होतं.

मग काय विचारता. दिवाबत्ती झाली की घर भरायला लागलं. अप्पा त्यांच्या तरुणपणीच्या चुका सांगायचे, आणि त्या अशा रंगवून सांगायचे की मलाच प्यावीशी वाटायची. नागप्पा कानडी वचनं म्हणायचा. अयोध्याबाई पिठलं आणायच्या. मी आवाज सोडून बोलायचो, आणि हळू बोला असं कुणी म्हणायचं नाही. उलट अप्पा म्हणायचे, "बोलू द्या त्याला, मोकळा होऊ द्या." सांगायचं रोज उद्यावर जात होतं. गुरुजींची शिस्त मात्र पार मोडली. संध्याकाळी लोक असायचे, त्यामुळं गिटार हातात घेता येईना. बार होता तिथंच राहिला.

आणि मग गिरिजाचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे नातवाला किती दात आले, काय खाल्लं, किती वेळा शिंकला. त्या दिवशी म्हणाली, "उद्याच्या गाडीनं यायलेय." आणि फोन ठेवला.

मी घरभर नाचलो. मग मधेच थांबलो. ही अशी अचानक का येतेय? मी भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं अयोध्याबाई मान खाली घालून लसूण सोलत होत्या.

"बाई, तुम्ही फोन केलाव का?"

"अण्णा, माफी करा," त्या म्हणाल्या. "पर बाईचं बाईला सांगाय नको का?"

मी स्टँडवर गेलो. गाडी लागल्याचं आता एक नवा गडी सांगतो, त्याचा आवाज माईक असून ऐकू येत नाही. गिरिजा उतरली. वाळली होती. मी पिशवी घ्यायला पुढं झालो, तर तिनं पिशवी दिली नाही. भर स्टँडवर, जिथं माझा शब्द चालायचा त्या फलाटावर, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"हा करा."

"अगं, लोक बघायलेत."

"हा करा म्हणते ना."

मी हा केला. तिनं नाक पुढं आणलं. तोंडाला ताकाचा वास होता. तिचा विश्वास बसला नाही. म्हणाली, "वास मारायला ताक पिताव व्हय?"

घरात शिरल्यावर आधी तिनं खिडक्या लावल्या, कारण आमची भांडणं गल्लीनं ऐकलेली तिला चालत नाहीत. मग शोध सुरू झाला. ज्वारीच्या कणगीत हात घातला. पलंगाखाली वाकली. फिनेलची बाटली हुंगली आणि शिंकली. देवघराच्या मागंसुद्धा बघितलं, इतका माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

"कुठं लपवलीय?"

"आतल्या खोलीत. दारामागं."

ती तरातरा गेली. मी ओसरीवर थांबलो. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग एक तार वाजली, टण्ण, चुकून हात लागल्यासारखी.

मी आत गेलो. ती गिटार हातात धरून उभी होती.

"ही तर शिवरंजनीची."

"बस," मी म्हटलं. जावळाची वाट बघायला आता अर्थ नव्हता. मी गिटार मांडीवर घेतली आणि तिचं भाकरीचं गाणं सुरू केलं. सी मेजर चांगला आला. ए मायनर चांगला आला. गाणं महत्त्वाच्या जागेला आलं, मी जीव तोडून बार धरला, आणि बार "थड" वाजला. मी परत धरला, परत थड. तिसऱ्यांदा मी तो बार सोडूनच दिला आणि ती जागा नुसत्या गळ्यानं म्हणून टाकली. त्या जागेला बाहेर कुत्रं भुंकलं.

गिरिजा हसली नाही. माझा डावा हात तिनं हातात घेतला. बोटांची टोकं तारांनी घट्टे पडून कडक झाली होती.

"हात थरथरतो म्हणून अयोध्या सांगत होती ते हे?"

"व्हय."

"मेजर? मायनर?"

"हे. ह्यातच असतंय ते."

"आणि पीत न्हाय?"

"थेंब न्हाय. शपथ घेतो."

"मग अयोध्याला सांगितलं का न्हाय तसं?"

आता मात्र माझा आवाज बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी हळू बोललो. "सांगितलं असतं तर ती माणसं यायची बंद झाली असती गं. लई एकटं वाटतंय मला घरात. तू नसलीस की करमत न्हाय."

तिनं माझ्या मांडीवरची गिटार उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हे फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"सवय न्हाय."

"मला तरी कुठं करमतंय तिथं," ती म्हणाली. "दिवसभर त्याच्यामागं पळते, आणि शिवरंजनीची यायची वेळ झाली की खिडकीत उभी राहते. शेजारचं दारसुद्धा उघडं नसतंय. मोठ्यानं बोलणारं कुणी न्हाय तिथं."

त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापली आणि गुणगुणली, अगदी बेसूर. मी ते ऐकत चुलीपाशी बसून राहिलो. माझी गिटार तिथं काढायची गरज पडली नाही. "आता राहा" म्हणायची वेळ हीच होती, पण ती आधीच म्हणाली, "उद्या जावं लागंल. शिवरंजनी रजा काढून बसलीय. पाळणाघर लागूस्तोवर तरी तिथंच बघावं लागंल."

"जा की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिकडं लेकरू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघण्याआधी अयोध्याबाईंकडं जाऊन आली, अप्पांच्या घरी जाऊन आली, नागप्पाच्या दुकानातही थांबली. मी समजलो, माझं निर्दोषपण सगळीकडं सांगून आली. संपलं, आता ताक बंद, पिठलं बंद, सतरंजी मोकळी. मी तिला गाडीत बसवलं. खिडकीतून तिनं तोंड बाहेर काढलं.

"ऐका. सोडू नका."

"काय?"

"पिणं," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगून आलेय, अजून सुटली न्हाय म्हणून. जरा लक्ष ठेवा म्हटलं, एकटं सोडू नका." आणि माझ्या तोंडाकडं बघून पहिल्यांदा हसली. "आणि मी रोज संध्याकाळी फोन करंन. वाजवून दाखवायचं. हळू."

गाडी गेली. मी फलाटावर उभा राहिलो आणि मला रडू आलं. आलं तर आलं. स्टँडवरच्या लोकांना वाटलं असेल, सकाळीसकाळीच घेतलीय.

तेव्हापासून सगळं सुरळीत चाललंय. अप्पा येतात, हरिबा येतात, नागप्पा येतो, आणि ते उठून गेले की गिरिजाचा फोन येतो. मी ओसरीच्या भिंतीला फोन टेकवून ठेवतो, कारण रेंज तिथंच. ती पहिल्यांदा विचारते, "घेतली का?" मी म्हणतो, "घेतली. तू बसलीस का?" ती म्हणते, "बसले, नातू झोपलाय, करा सुरू." मग मी भिंतीपलीकडं जाणार नाही इतक्या हळू तारा छेडतो. बार लागला की ती तिकडून "वा!" म्हणते. तो अजून क्वचितच लागतो, पण ती म्हणते. फोनचा स्पीकर चालू असतो, कारण दोन्ही हात गिटारीला लागतात.

परवा सकाळी अयोध्याबाईंनी भिंतीवरून ताकाचा तांब्या दिला, पण हात मागं घेतला नाही. इकडंतिकडं बघितलं आणि फार काळजीनं, अगदी दबक्या आवाजात विचारलं,

"अण्णा, पुण्यात वहिनींना ताक मिळतंय का हो?"